परक्या द्वेषाची वार्ता

दि. २६ नोव्हेंबर १९३८ च्या 'हरिजन'मध्ये महात्मा गांधींचा ज्यूंविषयीचा लेख प्रसिद्ध झाला. सेगाव येथे सहा दिवसांपूर्वी तो लिहिला गेला होता. जर्मनीत नऊ आणि दहा नोव्हेंबर रोजी ज्यूंची प्रार्थनामंदिरे जाळण्यात आली, दुकाने फोडण्यात आली आणि सुमारे तीस हजार पुरुष छळछावण्यांत डांबण्यात आले. त्या घटनेला तीन आठवडेही लोटले नव्हते. या लेखावरून जो वाद झाला त्याचा इतिहास बहुधा जेरुसलेमहून सांगितला जातो. मार्टिन बूबर यांचे २४ फेब्रुवारी १९३९ चे आणि यहुदा मॅग्नेस यांचे त्यानंतर दोनच दिवसांनी लिहिलेले पत्र ही त्या वादाची प्रमुख साधने मानली जातात, आणि वाङ्मयगुणांच्या दृष्टीने ती तशी आहेतही. तथापि ही पत्रे लिहिली जाण्याच्या कित्येक आठवडे आधी गांधींना उत्तर देणारा एक संपादक मुंबईत होता. ए. ई. शोहेट हे त्याचे नाव. मुंबईच्या बगदादी ज्यू समाजातले हे गृहस्थ मुंबई झायनिस्ट असोसिएशनचे प्रमुख होते आणि 'द ज्युइश ॲडव्होकेट' या इंग्रजी नियतकालिकाचे संपादन करीत होते. पॅलेस्टाइनमधील ज्यू वसाहतीसाठी निधी गोळा करणाऱ्या संस्थांचे हे हिंदुस्थानातील मुखपत्र. त्याचा वाचकवर्ग मर्यादित होता आणि त्याला प्रतिष्ठा होती ती केवळ त्या वर्गापुरतीच.

शोहेट यांची कामगिरी समजून घ्यायची तर ज्या भूमीत बसून ते लिहीत होते तिचा विचार आधी करावा लागतो. युरोपातल्या ज्यू पत्रकाराला यहुदीद्वेष म्हणजे काय हे वाचकाला समजावून सांगावे लागत नसे. वाचकाच्या दारावरच तो खडूने लिहिलेला असे. मुंबईतल्या संपादकापुढची अडचण नेमकी उलट होती. ज्या समाजासाठी तो लिहीत होता त्या समाजाला हा द्वेष ऐकून ठाऊक होता, अनुभवाने फारसा नव्हता. आणि ज्या शेजारी समाजांना तो कळावा अशी त्याची इच्छा होती त्यांच्या भाषेत त्याला नावच नव्हते.

मराठी वाचकाला ज्यू दोन वाटांनी माहीत होता. एक वाट महाविद्यालयाच्या वर्गातून जात होती; तिथे शेक्सपिअरचा शायलॉक आपला तराजू आणि सुरी घेऊन उभा असे. दुसरी वाट कुलाबा जिल्ह्यातल्या खेड्यांतून येत होती. अलिबाग, रेवदंडा, नवगाव या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालविणारे, शनिवारी बैल न जुंपणारे आणि त्यामुळे 'शनवार तेली' म्हणून ओळखले जाणारे बेने इस्रायल गावगाड्यात एखाद्या जातीसारखे सामावून गेले होते. केहिमकर, राजपूरकर, दिवेकर, अष्टमकर ही त्यांची आडनावे त्या त्या गावांची साक्ष देतात. पुढे ते मुंबईत आले, पलटणीत गेले, रेल्वेत आणि कचेऱ्यांत कारकून झाले, दवाखान्यांत आणि शाळांत नावारूपाला आले. १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत पहिले प्रार्थनामंदिर उभारले. हे दोन ज्यू, नाटकातला आणि शेजारचा, मराठी मनात कधी एकत्र आले नाहीत. शायलॉकचे स्वगत पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्या वर्गातला रेवदंडेकर हा त्याचा नातलग आहे असे बहुधा सुचलेही नसावे.

'हिंदुस्थानात ज्यूंचा छळ कधी झाला नाही' हे वाक्य मात्र नेहमी ज्या सहजतेने उच्चारले जाते तितके सरळ नाही. गोव्यात १५६० साली धर्मसमीक्षण न्यायालय स्थापन झाले आणि नवख्रिस्ती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, मूळच्या ज्यू कुळांतल्या माणसांचा शोध सुरू झाला. हिंदुस्थानातील औषधी वनस्पतींवरचा प्रख्यात संवादग्रंथ गोव्यात १५६३ साली छापणारा गार्सिया दा ऑर्ता हा अशाच कुळातला. मुंबई बेट एके काळी त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते. त्याच्या मृत्यूनंतर, १५६९ साली, त्याची बहीण कातारिना हिला गोव्यात जिवंत जाळण्यात आले, आणि १५८० मध्ये खुद्द ऑर्ताची हाडे थडग्यातून उकरून भस्म करण्यात आली. कोचीनच्या ज्यूंनाही पोर्तुगिजांचा जाच चुकला नाही. परंतु हा द्वेष जहाजातून आला आणि जहाजवाल्यांच्या सत्तेबरोबर आटला. कोकणच्या मातीत त्याने मूळ धरले नाही.

या परिस्थितीचा परिणाम येथील ज्यू नियतकालिकांवर स्पष्ट दिसतो. बगदादी ज्यूंनी मुंबईत १८५५ पासून हिब्रू लिपीत आणि आपल्या अरबी बोलीत वृत्तपत्र चालविले. बेने इस्रायलांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठीचा आश्रय केला. त्यांचे खरे वाङ्मयीन कार्य भाषांतराचे होते. जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. पुण्यात १८७४ साली वल्हांडण सणाचा हागादा मराठी भाषांतरासह आणि चित्रांसह छापला गेला. १८८० च्या सुमारास बेने इस्रायलांनी बायबलमधील आख्याने कीर्तनाच्या रूपात बांधली. ज्या समाजाला आपला धर्मच नव्याने शिकून मराठीत मांडायचा होता त्याच्या पत्रांत शिक्षण, विवाह आणि प्रार्थनामंदिरांच्या कारभारातले तंटे यांनाच अग्रस्थान मिळावे हे स्वाभाविक होते. १८९७ साली बाझेल येथे भरणाऱ्या पहिल्या झायनिस्ट परिषदेचे निमंत्रण आले तेव्हा, परतीचा दिवस ईश्वर ठरवील, अशा अर्थाचे उत्तर देऊन त्यांनी ते नाकारले. १९१७ पासून निघू लागलेल्या 'दि इस्रायलाइट' या इंग्रजी-मराठी पत्रातही हिंदी राजकारणात आपले स्थान कोणते, हा प्रश्न अग्रभागी होता. डेव्हिड एरुळकर यांचे नाव या पत्राशी निगडित आहे. त्यांचे बंधू डॉ. अब्राहम एरुळकर हे गांधींवर उपचार करणाऱ्या वैद्यांपैकी एक. म्हणजे गांधींच्या अगदी निकट एक बेने इस्रायल वावरत होता; पण द्वेषाची कहाणी सांगण्याजोगे त्याच्या कुळाच्या आठवणीत काही नव्हते.

ती कहाणी बाहेरून आली. १९२१ साली इस्रायल कोहेन हे इंग्रज ज्यू पत्रकार झायनिस्ट चळवळीचे दूत म्हणून मुंबईस आले. पहिल्या महायुद्धानंतर पोलंडमध्ये झालेल्या ज्यूंच्या कत्तलींची वार्ता त्यांनी स्वतः तेथे जाऊन इंग्रजी पत्रांना पुरविली होती. मुंबईत झायनिस्ट असोसिएशन नुकतीच निघाली होती. ज्यांच्या अंगावर कधी दगड आला नाही अशा श्रोत्यांपुढे या माणसाने भाषणे केली. निधी जमला, भय जमले असेल असे वाटत नाही.

इथे शब्दाचा प्रश्न उभा राहतो आणि तो वाटतो तितका किरकोळ नाही. 'अँटिसेमिटिझम' हा शब्द रूढ केला तो द्वेष करणाऱ्यांनीच. विल्हेल्म मार या जर्मन पत्रकाराने १८७९ साली त्या नावाचा संघ काढला, आणि जुन्या धार्मिक वैराला वंशशास्त्राचा मुलामा देणारी ही संज्ञा अभिमानाने मिरविली. मराठीत आपण त्यासाठी 'ज्यूद्वेष' किंवा 'यहुदीद्वेष' म्हणतो. हे भाषांतर अपुरे आहे. द्वेष ही मनाची वृत्ती झाली. ती उठते आणि शमते. माणसाच्या वृत्तीशी, कृतीशी, श्रद्धेशीसुद्धा संबंध न ठेवता केवळ त्याच्या जन्मावर बोट ठेवणारा आणि त्यावर कायद्याची इमारत रचणारा जो सिद्धांत १९३५ च्या न्युरेंबर्ग कायद्यांत मूर्त झाला, त्याची कल्पना 'द्वेष' या शब्दाने येत नाही. जन्मावर बोट ठेवणारी व्यवस्था मराठी माणसाला अपरिचित होती असे मात्र कोणी म्हणू नये. तिला 'विटाळ' हा स्वतंत्र शब्द होता, आणि चवदार तळ्यावर १९२७ साली काय घडले हे ठाऊक असलेल्या वाचकाला त्याचा अर्थ सांगण्याची गरज नव्हती.

गांधींनी आपल्या लेखात नेमका हाच शब्द पुढे केला. ज्यू हे ख्रिस्ती जगाचे अस्पृश्य होत, असे ते म्हणाले. दक्षिण आफ्रिकेतल्या आपल्या ज्यू सहकाऱ्यांचा त्यांनी जिव्हाळ्याने उल्लेख केला. जर्मनीतील छळाला इतिहासात तोड नाही हे मान्य केले. मानवतेच्या नावाने एखादे युद्ध समर्थनीय ठरू शकत असेल तर ते जर्मनीविरुद्धचे ठरेल, इतके ते बोलून गेले. मात्र युद्धावर त्यांचा विश्वास नव्हता. पॅलेस्टाइन अरबांचे आहे, ज्यूंनी जन्मभूमीवरचा हक्क सोडू नये आणि जर्मनीतल्या ज्यूंनी सत्याग्रह करावा, प्रसंगी आनंदाने मरण पत्करावे, असा त्यांचा निष्कर्ष होता. हा उपदेश कठोर आहे हे उघडच आहे. परंतु 'अस्पृश्य' हा शब्द गांधींनी सहज वापरला असे मानणे अन्यायाचे होईल. त्यांच्या कोशात याहून गंभीर शब्द नव्हता. त्याच शब्दापायी सहा वर्षांपूर्वी त्यांनी येरवड्याच्या तुरुंगात प्राण पणाला लावले होते.

शोहेट यांनी डिसेंबर १९३८ मध्ये आपल्या पत्रातून जे उत्तर दिले त्यात त्यांनी हीच उपमा हाती घेतली आणि ती नाकारली. हरिजन आणि ज्यू यांत एक मूलभूत भेद आहे, असे त्यांचे म्हणणे. हरिजनाला कितीही हीन लेखले तरी हा देश त्याचा आहे, त्याला येथून हाकलून देण्याची गोष्ट कोणी करीत नाही. ज्यूला घरच नाही. या युक्तिवादातून झायनिस्ट निष्कर्षाकडे जाणारी वाट सरळ आहे आणि ती दाखविणे हे त्या पत्राचे प्रयोजनच होते. पण हा राजकीय हेतू क्षणभर बाजूला ठेवला तरी संपादकाने एका मर्मावर बोट ठेवले होते. अस्पृश्यतेला अस्पृश्य हवा असतो. त्याच्यावाचून गावाची घाण कोण काढणार, मेलेले ढोर कोण ओढणार? ही व्यवस्था माणसाला पायाखाली ठेवते, आणि पायाखाली ठेवायचे म्हणून जिवंत ठेवते. बर्लिनमध्ये जी व्यवस्था आकार घेत होती तिला ज्यू हवा नव्हता, कोणत्याच पायरीवर नको होता. सत्याग्रह ज्या सत्तेविरुद्ध करायचा तिला सत्याग्रहीची काही तरी गरज असावी लागते. गिरणी बंद पडते, मिठाचा कर बुडतो, राज्याची अब्रू जाते. जिथे प्रतिकार करणाऱ्याचे नाहीसे होणे हेच सत्तेचे उद्दिष्ट असते तिथे त्याचे आत्मबलिदान कोणाच्या अंतःकरणाला भिडणार? आज, साठ लाखांच्या संहारानंतर, हा भेद स्पष्ट दिसतो. १९३८ च्या डिसेंबरात तो दिसणे सोपे नव्हते, आणि देशातली सर्वांत उदार उपमा देणाऱ्या पुरुषालाच ती परत करणे त्याहून सोपे नव्हते.

भाषांतराच्या व्यवहारात असा प्रसंग नेहमी येतो. मूळ शब्दाला आपल्या भाषेत जवळचा शब्द सापडतो, तो जिव्हाळ्याचा असतो, वाचकाला तत्काळ कळतो, आणि नेमका त्यामुळेच मूळ अर्थ झाकतो. शोहेट यांच्या बाजूनेही एक उणीव राहिली हे नमूद केले पाहिजे. 'हरिजनाला घर आहे' हे विधान ज्यांना गावकुसाबाहेर राहावे लागे त्यांच्यापैकी एखाद्याने वाचले असते तर त्याने ते इतक्या सहज मान्य केले असते काय? गांधीजी, मला मायभूमी नाही, असे डॉ. आंबेडकरांनी १९३१ मध्ये मुंबईतच गांधींना तोंडावर सांगितले होते. शिवाय घरातल्या घरातही एक गोष्ट होती. मुंबईच्या बगदादी ज्यूंनी १८३६ साली स्मशानभूमीत आपल्या आणि बेने इस्रायलांच्या कबरींमध्ये भिंत घालण्याची मागणी सरकारकडे केली होती, आणि पुढे शतकभर त्यांच्या रक्तशुद्धीविषयी शंका घेतली जात होती. विटाळाची भाषा कोकणातल्या ज्यूंना केवळ हिंदू शेजाऱ्यांकडूनच ऐकावी लागली असे नाही. या भिंतीच्या पलीकडे जन्मलेल्या संपादकाने सर्व ज्यूंच्या वतीने बोलावे यात एक विसंगती आहे. ती त्याच्या युक्तिवादाला बाध आणीत नाही, पण विसरता येण्याजोगीही नाही.

वाद एवढ्यावर थांबला नाही. दक्षिण आफ्रिकेतले गांधींचे जुने सोबती, टॉलस्टॉय फार्मची जमीन देणारे वास्तुविशारद हर्मान कॅलनबाख, १९३९ च्या आरंभी हिंदुस्थानात आले होते. त्यांच्या मध्यस्थीने शोहेट यांना गांधींशी प्रत्यक्ष बोलता आले. फलनिष्पत्ती निराशेची झाली. गांधी पॅलेस्टाइनचा प्रश्न मुख्यतः हिंदी मुसलमानांच्या दृष्टीने पाहतात, असा ग्रह घेऊन संपादक परतला. तीन वर्षांपूर्वी जेरुसलेमच्या ज्यू एजन्सीने पाठविलेले इमॅन्युएल ओल्सवँगर यांचाही अनुभव फारसा वेगळा नव्हता. हे ओल्सवँगर मोठे विलक्षण गृहस्थ. राजकीय दौत्यात त्यांना अपयश आले. पण हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ साली लिहून ठेवलेला आणि चाळीस वर्षे हस्तलिखितात पडून राहिलेला बेने इस्रायलांचा इतिहास त्यांनी १९३७ मध्ये तेल अवीव येथे छापून काढला, आणि पुढे भगवद्‌गीतेचे हिब्रू भाषांतर केले. त्यांचे दौत्य आज कोणाच्या स्मरणात नाही. केहिमकरांचा ग्रंथ मात्र अभ्यासकांना अजून लागतो.

एका बाबतीत ज्यूंच्या आक्षेपांना यश आले. गांधींनी एका संभाषणात असे विधान केले होते की ज्यूंनी स्वतः हिंसा केली नसली तरी आपल्या वतीने इंग्लंड-अमेरिकेने जर्मनीशी लढावे अशी त्यांची इच्छा आहे. या विधानाला आधार काय, असा प्रश्न त्यांना मित्रांनी विचारला. इंग्लंडमधून लॉर्ड सॅम्युएल आणि सर फिलिप हार्टोग यांनीही प्रतिवाद केला. गांधींनी आपल्या सहायकांना पुरावा शोधावयास लावले. तो मिळाला नाही. २७ मे १९३९ च्या 'हरिजन'मध्ये त्यांनी ते विधान कोणतीही अट न घालता मागे घेतले. वृत्तपत्रीय नीतीच्या इतिहासात या लहानशा टिपणाला मानाचे स्थान मिळावयास हवे. तत्त्वाच्या प्रश्नावर गांधी तसूभर हलले नाहीत; पुराव्याच्या प्रश्नावर त्यांनी क्षणाचाही हट्ट धरला नाही.

याच सुमारास मराठी प्रदेशातल्या राजकीय विचारात दुसराही एक प्रवाह होता आणि त्याचा उल्लेख टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. नागपूरहून १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या माधव सदाशिव गोळवलकर यांच्या राष्ट्रविषयक इंग्रजी पुस्तकात, जर्मनीने ज्यूंना घालवून दिले यापासून हिंदुस्थानला धडा घेता येईल, असे प्रतिपादन होते. रेवदंड्याच्या तेल्याविषयी लेखकाच्या मनात काही आकस होता असे दिसत नाही. ज्यू तिथे नुसते उदाहरण म्हणून आला होता. परक्या द्वेषाची वार्ता जेव्हा कळत नाही तेव्हा ती अशी उसनी घेतली जाते. द्वेषाचे मूळ प्रयोजन गळून पडते आणि त्याचा साचा तेवढा उरतो. शोहेट यांच्यासारख्या संपादकाला गांधींशी वाद घालणे शक्य होते, कारण तिथे शब्दाला शब्द मिळत होता.

दरम्यान ज्यांच्याविषयी हे सारे लिहिले जात होते ती माणसेच बंदरात उतरू लागली होती. मुंबईत १९३४ पासून ज्यू रिलीफ असोसिएशन निर्वासितांची व्यवस्था पाहत होती. बर्लिनचे ओटो कोनिग्सबर्गर १९३९ मध्ये म्हैसूर संस्थानात आले आणि बंगळूरच्या विज्ञानसंस्थेच्या काही इमारती त्यांच्या हातून उभ्या राहिल्या. प्रागचे विली हास हे जर्मन साहित्यसृष्टीतले नामांकित संपादक. ते मुंबईत मोहन भवनानी यांच्या चित्रपटांसाठी कथा लिहू लागले. याच हास यांनी पुढे युरोपात परतल्यावर काफ्काची मिलेनाला लिहिलेली पत्रे संपादित करून १९५२ साली प्रसिद्ध केली. भारतीय भूमीवर आठ वर्षे राहिलेल्या या समीक्षकाची मराठी साहित्याशी ओळख झाली असती तर काय झाले असते, हा विचार मनाला चटका लावतो. त्याच शहरात मर्ढेकर होते.

स्वातंत्र्यानंतर ज्यू पत्रकारितेचा विषय पालटला. एफ. डब्ल्यू. पोलक यांनी १९४८ ते १९५३ या काळात मुंबईहून 'इंडिया अँड इस्रायल' हे मासिक चालविले; १७ सप्टेंबर १९५० रोजी भारताने इस्रायलला मान्यता दिली. सुमारे वीस हजारांच्या बेने इस्रायल समाजातले लोक हळूहळू जहाजांनी आणि विमानांनी जाऊ लागले. शोहेट यांच्या पत्राने ज्या घराची महती गायिली होती त्या घरात ते पोहोचले, आणि तिथे त्यांतल्या काहींना वर्णावरून आपल्याला दूर सारले जाते असा अनुभव आला. तेव्हा त्यांनी काय करावे? १९५१ च्या अखेरीस बीरशेबा भागातल्या बेने इस्रायल कुटुंबांनी तेल अवीवमध्ये ज्यू एजन्सीच्या कचेरीपुढे ठाण मांडले आणि उपोषण केले. आम्हांला मुंबईस परत पाठवा, एवढीच त्यांची मागणी होती. १९५२ मध्ये शंभरांहून अधिक माणसे परत आलीही. गांधींचा जो उपदेश जेरुसलेमच्या तत्त्वज्ञांनी आणि मुंबईच्या संपादकाने अव्यवहार्य म्हणून परत केला होता तो कोकणातल्या या साध्या माणसांना कोणी शिकवावा लागला नव्हता. त्यांच्यासमोरच्या सत्तेला त्यांची गरज होती, हेही खरे.

दहा वर्षांनी प्रश्न पुन्हा निघाला. इतर ज्यूंशी विवाह करू इच्छिणाऱ्या बेने इस्रायलांच्या कुळाची मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करावी, असा आदेश मुख्य रब्बींच्या कार्यालयाने १९६२ मध्ये काढला. म्हणजे १८३६ ची ती स्मशानातली भिंत जेरुसलेममध्ये नव्याने उभी राहिली. १९६४ च्या उन्हाळ्यात बेने इस्रायल पुन्हा रस्त्यावर बसले. १७ ऑगस्ट रोजी क्नेसेटची खास बैठक झाली आणि हा समाज सर्व बाबतींत इतर ज्यूंच्या बरोबरीचा आहे असा ठराव संमत झाला. आदेशातून 'बेने इस्रायल' हे नाव त्यानंतर काढून टाकण्यात आले.